सोयाबीनच्या राज्यात पामतेल

"पन्नास लाख हेक्टरांच्या आसपास सोयाबीन पेरणारं आपलं राज्य. आणि २०२२च्या दिवाळीत सरकारनं रेशनवर आनंदाचा शिधा वाटला, त्यात काय, तर एक लिटर पामतेल. तेही ऐन आमचा माल आडतीवर यायच्या दिवसांत!" दादाची ही तक्रार मी अनेकदा ऐकली आहे. आत्याचं उत्तरही ठरलेलं असतं.

"शंभर रुपयांत रवा, साखर, हरभरा डाळ आणि तेल हाती पडलं, म्हणून जिच्या घरी त्या वर्षी चार करंज्या तळल्या गेल्या, तिच्यासमोर उभं राहून हे बोल. ते तेल कुठल्या देशातल्या झाडाचं आहे, याच्याशी तिला काय करायचंय?"

दादा औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन कसतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेऊन तो गावी परतला, तेव्हापासून खरिपात सोयाबीन आणि तूर, रब्बीत हरभरा. आत्या पुण्यात कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची, आता निवृत्त आहे. भाऊबीजेला ती माहेरी येते आणि ओसरीवर दोघांचा वाद सुरू होतो. देशानं खाद्यतेल बाहेरून आणावं का, आणावं तर किती आणि कधी. तो वाद मी इथे उतरवते आहे, कारण शेतकरी आणि ग्राहक यांची एरवी गाठच पडत नाही. एक मोर्चात बोलतो, दुसरा किराणा दुकानात कुरकुरतो, आणि दोघांच्या वतीनं निर्णय घेणारा तिसराच कुणीतरी दिल्लीत बसलेला असतो.

देशाला वर्षाला सुमारे अडीच कोटी टन खाद्यतेल लागतं. त्यातलं १६० लाख टनांच्या आसपास बाहेरून येतं. पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयाबीनचं अर्जेंटिना-ब्राझीलमधून, सूर्यफुलाचं रशिया-युक्रेनमधून. गव्हा-तांदळानं ज्याची गोदामं भरलेली असतात, तो आपला देश खाद्यतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे.

"आत्या, बहात्तरच्या दुष्काळातला मिलो तू खाल्ला आहेस," दादा म्हणाला. "लाल ज्वारीच्या त्या भाकरीबद्दल तूच आम्हाला सांगायचीस. आजी पीठ मळायची तर भाकरी थापतानाच चिरायची. त्याच्या आधी १९६६ साली एक कोटी टनांच्या आसपास धान्य बाहेरून आलं होतं, बहुतेक अमेरिकेचं. पुढच्या महिन्यात बोटी सोडायच्या की नाही, हे तिकडचा अध्यक्ष ठरवत होता. तो अपमान देशानं ओळखला, म्हणून गव्हात क्रांती झाली. मग तेलाच्या बाबतीत तोच देश इतका निवांत कसा?"

आत्या थोडा वेळ गप्प राहिली. मिलोची आठवण तिला आवडत नाही. मग म्हणाली, "तेव्हाचा अपमान खरा होता. पण तो कशामुळे होता ते नीट बघ. विकणारा एकच होता आणि आपल्या खिशात डॉलर नव्हते, म्हणून गव्हासाठी हात पसरावा लागला. आज डॉलर आहेत आणि विकणारे पाच-सहा देश आहेत. पैसे मोजून बाजारातून माल घेणं आणि दुसऱ्याच्या दयेवर जगणं यांत फरक आहे. तू पुण्याहून फवारणीचं औषध घेऊन येतोस, तेव्हा स्वतःला पुण्याचा मिंधा समजतोस का?"

"पुणे मला उद्या माल बंद करत नाही," दादा म्हणाला. "२०२२ आठव. फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं आणि आपल्याकडे येणारं सूर्यफुलाचं तेल काळ्या समुद्रातल्या बंदरांवर अडकलं. लोक पामतेलाकडे वळले, तर २८ एप्रिलला इंडोनेशियानं पामतेलाची निर्यातच बंद केली. डॉलर खिशात होते की. पण माल कुठे होता? सूर्यफुलाच्या तेलाची पिशवी दोनशेच्या घरात गेली होती."

"आणि २३ मेला इंडोनेशियानं निर्यात पुन्हा सुरू केली. चार आठवडेसुद्धा बंदी टिकली नाही. का? तिथल्या गिरण्यांच्या टाक्या भरल्या, पामची फळं घ्यायला कुणी तयार होईना, आणि तिथले शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले. विकणाऱ्यालाही ग्राहक लागतो, बाळा. अशा चार आठवड्यांसाठी देशानं तेलाचा साठा ठेवावा, हे मला मान्य आहे. गव्हाचा ठेवतो, तसा तेलाचा आपण ठेवत नाही. पण चार आठवड्यांच्या भीतीनं चाळीस वर्षांचं पीक-धोरण ठरवायचं नसतं."

यावर दादानं जे उत्तर दिलं ते मला आजवर ऐकलेल्या युक्तिवादांत सर्वांत वजनदार वाटतं. तो इंडोनेशिया सोडून आपल्याकडे वळला.

"ठीक. इंडोनेशियाचं राहू दे. आपण काय केलं? १३ मे २०२२ला गव्हाची निर्यात बंद. २० जुलै २०२३ला बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद. डिसेंबरात कांदा बंद. मधे, २०२३च्याच ऑगस्टच्या शेवटी, दिल्लीहून अधिसूचना निघाली, की भूतानला ७९ हजार टन, सिंगापूरला ५० हजार टन आणि मॉरिशसला १४ हजार टन तांदूळ सोडावा. सरकार-सरकार बोललं म्हणून. मॉरिशसमध्ये तर आपलेच लोक आहेत, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडून ऊस तोडायला गेलेल्या मराठी मजुरांची पोरंबाळं. त्यांच्या ताटातला भात दिल्लीतल्या एका सहीवर आला. आपला देश वाईट नाही. तरी त्यानं आधी आपलं घर बघितलं. मग आपल्या तेलाच्या वेळी दुसरा देश वेगळं वागेल, असं तू कशाच्या भरवशावर म्हणतेस?"

"नाही म्हणत," आत्या म्हणाली. "म्हणूनच माल पाच ठिकाणांहून घ्यायचा म्हणते. मॉरिशसनं गेली दोनशे वर्षं ऊस पिकवला आणि साखर विकून तांदूळ घेतला. त्या बेटावर भात पिकवायचा ठरवला असता तर लोक अर्धपोटी राहिले असते. जमीन किती आहे, यावरच शेवटी सगळं येतं. आण तो कागद."

मग तिनं कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. हा हिशेब प्रत्येक स्वयंपूर्णतावाद्यानं एकदा स्वतःच्या हातानं करावा. भारतात सोयाबीनचा उतारा हेक्टरी सरासरी एक टनाच्या आसपास. शंभर किलो सोयाबीनमधून तेल निघतं अठरा किलो. म्हणजे एका हेक्टरातून १८० किलो तेल. आयात होणारं १६० लाख टन तेल सोयाबीनमधून काढायचं तर जवळजवळ नऊ कोटी हेक्टर जमीन लागेल. देशाचं निव्वळ पेरणीक्षेत्र आहे सुमारे १४ कोटी हेक्टर.

"भात कुठे लावणार? तूर कुठे? आणि तिकडे पाम हेक्टरी साडेतीन-चार टन तेल देतो. हे निसर्गाचं दान आहे, त्याच्याशी तू भांडू शकत नाहीस."

"हिशेब बरोबर आहे, पण पीक चुकीचं धरलंस," दादा म्हणाला. "सोयाबीन हे तेलाचं पीकच नव्हे. ते पेंडेचं पीक आहे. शंभर किलोंतून ऐंशी किलो पेंड निघते, कोंबड्यांच्या खाद्याला जाते, तेल हा जोडधंदा. मोहरी धर, भुईमूग धर. त्यांत हेक्टरी अर्धा टन तेल पडतं. भाताच्या कोंड्याचं तेल धर, सरकीचं धर, त्याला तर वेगळी जमीनच लागत नाही. पूर्वेकडे भात काढल्यावर एक कोटी हेक्टरांच्या आसपास जमीन रब्बीत मोकळी राहते. आणि आपल्याकडची करडई? तुझ्या लहानपणी ज्वारीत करडईचे पाटे असायचे. काट्यामुळे ढोरं शिरायची नाहीत, आणि घाण्यावर वर्षाचं तेल निघायचं. मराठवाड्यात-सोलापुरात करडई लाखो हेक्टरांवर होती, आता काही हजारांवर आली. ती कुणी मारली?"

"काट्यांनी मारली," आत्या म्हणाली. "पहाटे दव असताना हाताला फडकी गुंडाळून आई करडई काढायची. तिचे हात मी बघितले आहेत. मजुरी वाढली, बायका यायला तयार होईनात. ते बरंच झालं."

"आता हार्वेस्टरनं निघते करडई. बिनकाट्याचे वाणही आहेत, फलटणला निंबकरांच्या संस्थेनं काढलेले. काट्यांचं कारण संपलं. पण करडई परत आली नाही, कारण तिच्या तेलाला पामतेलाशी टक्कर द्यावी लागते. मारली असेल तर भावानं."

पुढे बोलणं १९८६वर आलं, आणि मला तो या वादाचा गाभा वाटतो. त्या वर्षी केंद्रानं तेलबियांसाठी तंत्रज्ञान मोहीम सुरू केली. १९८५-८६ साली देशात १०८ लाख टन तेलबिया पिकत होत्या, १९९८-९९पर्यंत त्या २४७ लाख टनांवर गेल्या. मधल्या काळात, १९९३-९४च्या सुमारास, आयात जवळजवळ संपली होती. देश आपल्या गरजेचं बहुतेक सगळं तेल स्वतः काढत होता. वर्गीस कुरियन यांच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानं 'धारा'चे डबे बाजारात आणले होते, दुधासारखीच तेलाचीही सहकारी साखळी उभी राहत होती. मग १९९४ला पामोलिनची आयात खुली झाली. सुरुवातीला आयातशुल्क ६५ टक्के होतं, ते पुढच्या चार वर्षांत उतरत १५ टक्क्यांवर आलं.

"बघ. एकदा करून दाखवलं होतं," दादा म्हणाला. "जमीन तीच होती, पाऊस तोच होता. आठ वर्षांत देश जवळजवळ स्वयंपूर्ण झाला. आणि आठ वर्षांत आपणच ते मोडलं. जागतिक व्यापार संघटनेनं सांगितलं म्हणूनसुद्धा नव्हे. करारानं पामतेलावर ३०० टक्क्यांपर्यंत शुल्क लावायची मुभा ठेवली होती. आपण ती वापरली नाही."

"कारण तेव्हाचं तेल लोकांना परवडत नव्हतं," आत्याचा आवाज इथे चढला. "तू फक्त पिकवणाऱ्याचा इतिहास वाचलास. मुंबईत बहात्तर साली मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांनी बायकांना घेऊन लाटणं मोर्चे काढले, ते कशासाठी? तेल, साखर, रॉकेल मिळत नव्हतं म्हणून. रेशनवर पामतेल आलं की रांग लागायची, त्या रांगेत मी उभी राहिले आहे. पन्नासच्या दशकात माणशी वर्षाला तीन किलोच तेल मिळत होतं. मोहिमेच्या काळातसुद्धा देशातले भाव परदेशातल्या भावांच्या कितीतरी वर ठेवले होते, तेव्हा ती स्वयंपूर्णता जमली. गरिबानं कमी तेल खाल्लं आणि आकडा जुळला. पोट आवळून आलेल्या स्वयंपूर्णतेला मी यश म्हणत नाही."

दादा म्हणाला, "आणि शेतकऱ्याचं पोट?"

"शेतकऱ्याचं म्हणशील तर शरद जोशींना आठव. तुमच्याच शेतकरी संघटनेचे ना? सगळे जागतिक व्यापार खुला करणाऱ्या डंकेल प्रस्तावाविरुद्ध ओरडत होते, तेव्हा त्या माणसानं उभं राहून सांगितलं की हा प्रस्ताव शेतकऱ्याच्या हिताचा आहे. सरकार अनुदान देतं असं दाखवतं आणि भाव पाडून त्याच्या कितीतरी पट काढून घेतं, म्हणून बाजार खुला करा. तुझ्या घरात त्यांचा फोटो आहे आणि तू आयातबंदी मागतोस."

हा वार दादाला लागला. पण तो डगमगला नाही.

"जोशीसाहेबांनी दोन्ही दारं उघडा म्हटलं होतं. आमच्यासाठी एकच उघडलं. भाव पडले की जगाचा माल आत येतो, भाव चढले की आमचा माल बाहेर जात नाही. ते स्वातंत्र्य मागत होते. मिळालं ते असं."

मग त्यानं २०२१ सांगितलं. त्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत गेलं. शेतकऱ्याच्या घरात तेव्हा पोतंही नव्हतं, पण सगळ्यांनी त्या भावाकडे बघत खुरपणी-फवारणीला पैसे घातले. ऑगस्टच्या शेवटी केंद्रानं १२ लाख टन जनुकबदल सोयापेंड आयात करायची परवानगी दिली. आपल्या शेतकऱ्याला जे बियाणं पेरायला बंदी, त्याच बियाण्याची पेंड बोटीनं आली. ऑक्टोबरात नवा माल आडतीवर आला तेव्हा भाव पाच हजारांच्या आसपास होता. २० डिसेंबरला सोयाबीन, मोहरी, पामतेल यांचे वायदे बंद झाले, आणि पुढे ती बंदी वाढतच गेली. पुढच्या हंगामात काय भाव राहील याचा अंदाज घ्यायची एकच खिडकी होती, तीही मिटली.

"पेंड शंभराच्या घरात गेली होती, किलोला," आत्या म्हणाली. "कोंबडीवाला कर्जात बुडत होता. तोही शेतकरीच आहे, रे. अंडं महागलं असतं तर शाळेतल्या पोरांचं अंडं बंद झालं असतं."

"मान्य. मग ती पेंड जूनमध्ये आणायची. तेव्हा आमच्या घरात माल नव्हता, कोंबडीवाल्याला गरज होती. पेरणी झाल्यावर, काढणीच्या तोंडावर का?"

आत्यानं यावर काही उत्तर दिलं नाही. माझ्या मते देण्यासारखं उत्तरच नाही. आयात वाईट की चांगली हा प्रश्न या एका तपशिलापुढे मला दुय्यम वाटतो. शेतकरी जूनमध्ये भावाचा अंदाज धरून पेरतो, आणि त्याचं पीक उभं असताना तो भाव ठरवणारा नियम बदलतो. असं वारंवार होत असेल तर कुणीही शहाणा माणूस त्या पिकात पैसे घालणार नाही. बियाणं सुधारणार नाही, ठिबक टाकणार नाही, साठवणीची सोय करणार नाही. मग उतारा हेक्टरी एक टनाशी थांबतो आणि आत्याचा नऊ कोटी हेक्टरांचा हिशेब खरा ठरतो. ब्राझीलचा सोयाबीनचा उतारा आपल्या तिप्पट आहे. बियाणं, यंत्रं, पाऊस ही कारणं आहेतच. पण ज्याला पुढच्या पाच वर्षांची खात्री आहे, तोच जमिनीत पैसे पुरतो.

शुल्क वाढवून काय होतं, हेही आपण पाहिलं. १४ सप्टेंबर २०२४ला कच्च्या खाद्यतेलावरचं एकूण शुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर गेलं. सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता. आत्यानं तो मुद्दा उचलला.

"तू मागत होतास ते मिळालं. तेलाची पिशवी महाग झाली, आम्ही मोजले पैसे. आणि लातूरला सोयाबीन कितीला गेलं?"

"चार हजार ते त्रेचाळीसशे," दादा म्हणाला.

"मग माझे पैसे गेले कुठे?"

हा प्रश्न तिनं खरोखर विचारला होता, आणि दादानं तो टाळला नाही. त्यानं सगळी साखळी उलगडून दाखवली. शुल्क वाढायच्या आधीच व्यापाऱ्यांनी तेलाच्या टाक्या भरून घेतल्या होत्या. नेपाळमध्ये सोयाबीन पिकत नाही म्हटलं तरी चालेल, पण दक्षिण आशियाई करारामुळे शुल्कमाफी असल्यानं तिथून रिफाइंड सोयातेल आत येऊ लागलं. आणि मुख्य म्हणजे पेंड पडली. मक्याचं आणि तांदळाचं इथेनॉल करायचं धोरण वाढलं, त्या कारखान्यांतून उरलेला चोथा, डीडीजीएस, स्वस्तात कोंबडीखाद्यात जाऊ लागला. सोयाबीनच्या शंभरातले ऐंशी किलो पेंडच असते, तर तेलाचं शुल्क वाढवून दाण्याचा भाव किती चढणार? एका खात्यानं तेलाला आधार दिला, दुसऱ्या खात्याच्या धोरणानं पेंड पाडली. हमीभावानं खरेदी झाली, राज्यात पूर्वी कधी झाली नव्हती एवढी, ११ लाख टनांहून जास्त. पण नोंदणी, ई-पीक पाहणी, बारदाना संपला, बारा टक्क्यांहून जास्त ओलावा म्हणून परत पाठवलं, हे सगळं सोसून. नंतर ओलाव्याची अट पंधरा टक्क्यांवर आणली, तोवर अनेकांनी दिवाळीच्या खर्चासाठी माल आडतीवर घातला होता.

"आणि ३० मे २०२५ला," दादा म्हणाला, "म्हणजे आम्ही बियाणं आणायच्या आठवड्यात, शुल्क पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणलं."

आत्या म्हणाली, "हे मात्र चूक आहे." एवढंच म्हणाली, पण तिनं ते मनापासून म्हटलं.

डाळींचं चित्र थोडंफार असंच आहे. तूर मोझांबिक आणि म्यानमारहून शुल्काविना येते आणि इथल्या तुरीला गाठते. त्या वादात ते दोघं फार शिरले नाहीत.

स्वयंपूर्णता हा शब्द किती लांब ताणायचा, हे मात्र आत्यानं बारकाईनं विचारलं. "तू पेरणीला डीएपी घालतोस. ते सौदी, मोरोक्को, चीनकडून येतं, किंवा त्याचा कच्चा माल तरी येतोच. पोटॅश तर सगळंच बाहेरचं. ट्रॅक्टरचं डिझेल आखाताचं. चीननं खताची निर्यात आखडली की तुझ्या बांधावर खत मिळत नाही. मग तुझं तेल देशी कसं? परावलंबन तेलातून खतात गेलं, एवढंच. श्रीलंकेनं २०२१ला एका आदेशानं रासायनिक खतं बंद केली, स्वयंपूर्ण आणि सेंद्रिय व्हायचं म्हणून. सहा-सात महिन्यांत मागे घ्यावं लागलं आणि ज्या देशात भात पुरत होता, तिथे तांदूळ आयात झाला. मला आदेशाची भीती वाटते. आता ईशान्येवर आणि अंदमानवर भर देत पाम लावायची ११,०४० कोटींची मोहीम काढली आहे. तिथलं जंगल तोडून देश स्वयंपूर्ण झाला, तर ते तुला चालेल?"

"नाही चालणार," दादा म्हणाला. "पामला पाणी किती लागतं ते मला ठाऊक आहे. एप्रिल २०१६मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं. त्याच वर्षांमध्ये जिल्ह्यात ऊस उभा होता. कारण उसाला कायद्यानं ठरलेला दर आहे, कारखाना उचलणार ही खात्री आहे. साखर देशात जास्त होते, तेल कमी पडतं, आणि जास्त होणाऱ्या पिकाला खात्री, कमी पडणाऱ्याला नाही. उसाला दिली त्याच्या निम्मी खात्री करडईला द्या. मी पोटॅशबद्दल बोलत नाही, खत येऊ दे बाहेरून. शंभर टक्के मी मागतच नाही. केंद्रानंच २०२४च्या तेलबिया मोहिमेत २०३०-३१पर्यंत देशाची ७२ टक्के गरज भागवायची असं लिहिलं आहे. मी तेवढंच मागतो. पण लिहिलं त्याप्रमाणे वागा."

"आणि उरलेलं अठ्ठावीस टक्के?"

"कमी खा," दादा म्हणाला, आणि आत्याला हे अनपेक्षित नव्हतं. माणशी वर्षाला एकोणीस किलोंहून जास्त तेल आपण खातो. पंतप्रधानांनीही लठ्ठपणाबद्दल बोलताना दहा टक्के तेल कमी करा असं आवाहन केलं होतं. आत्यानं इथे सावध केलं. सरासरीत तिच्या सोसायटीतल्या माणसाचं आणि वीटभट्टीवरच्या बाईचं तेल एकत्र मोजलं जातं. बहुतेक पामतेल घरातल्या कढईत जात नाही. ते बिस्किटात, फरसाणात, हॉटेलात, साबणात जातं. "कमी करायचं असेल तर पाकिटावर ठळक लिहा कुठलं तेल आहे ते. कारखान्याच्या तेलावर शुल्क राहू द्या. पण रेशनच्या लिटरवर हात टाकू नका. त्या बाईचा एक लिटर तुझ्या आंदोलनात सापडता कामा नये."

दोघांच्या मागण्या मी जुळवून पाहिल्या, तर एका टप्प्यापर्यंत त्या एकाच वाटेनं जातात. आत्या म्हणते, शुल्क सरकारच्या मर्जीवर न ठेवता सूत्रानं ठरवावं. जगातले भाव पडले की शुल्क आपोआप चढावं, जगातले भाव चढले की उतरावं, आणि ते सूत्र छापून जाहीर करावं. दादा म्हणतो, सूत्र काहीही असो, ते मेमध्ये जाहीर व्हावं आणि मार्चपर्यंत बदलू नये. आत्याची अडचण अशी की मध्येच दुष्काळ पडला, भाव भडकले तर सरकारनं हात बांधून बसायचं का? दादाचं उत्तर असं की शुल्कातून हजारो कोटी जमा होतात, त्यांतून रेशनवर तेल द्या. २००८ साली केंद्रानं किलोमागे पंधरा रुपये सोसून राज्यांना रेशनसाठी तेल दिलंच होतं. भाव पाडून सगळ्यांना स्वस्त देण्यापेक्षा गरजूला स्वस्त द्या.

मला दादाची बाजू इथे जास्त पटते, आणि त्यामागे भावकी नाही. पामतेल सरसकट स्वस्त केलं की त्याचा मोठा फायदा फरसाणच्या कारखान्याला होतो आणि किंमत कोरडवाहू शेतकरी मोजतो. पण आत्यानं त्याच्यापुढे ठेवलेल्या शंकेलाही माझ्याकडे उत्तर नाही. ती म्हणाली, "निवडणुकीत सोयाबीनला कुणी सहा हजार म्हणालं, कुणी सात हजार म्हणालं. निवडून आल्यावर काय झालं ते तू बघितलंस. अशा लोकांनी मेमध्ये जाहीर केलेलं सूत्र ऑक्टोबरात टिकेल, असं तुला वाटतं? कायदा करावा लागेल, आणि कायद्यासाठी शहरातल्या माणसाची मतं लागतील. ती तू कशी मिळवणार?"

"म्हणून तर तुझ्याशी भांडतोय," दादा म्हणाला.

यंदा सोयाबीन काढल्यावर जमिनीत ओल चांगली आहे. दोन एकरांत हरभऱ्याऐवजी करडई घालायचं त्याच्या मनात आहे. बी आणून ठेवलंय, गावात लाकडी घाणा आहे, तेल थेट पुण्याला पाठवता आलं तर आडतीचा प्रश्नच नाही. त्यानं आत्याला विचारलं की तिच्या मैत्रिणी घेतील का.

"घेतील. मी स्वतः घरोघर पोचवीन," आत्या म्हणाली. "पण हे उत्तर समजू नकोस. माझ्या मैत्रिणींच्या डब्यांनी १६० लाख टनांचं काही होत नाही."

"माझ्या दोन एकरांचं होतं."

"आणि शेजारच्या रानाचं? त्याची पुण्यात आत्या नाही."


दादानं यावर मान हलवली आणि हरभरा किती एकरांत ठेवायचा, याचा हिशेब त्याच कॅलेंडरच्या उरलेल्या जागेत मांडायला घेतला.